प्रकल्प संपल्यावर गावात काय उरतं?

मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात वेशीजवळ नाहीतर ओढ्याकाठी एखादी पाटी दिसतेच. योजनेचं नाव, मंजूर रक्कम, काम पूर्ण झाल्याचं वर्ष. पाटीमागचं काम मात्र दिसेलच असं नाही. बंधारा गाळानं भरलेला असतो, नळयोजनेची मोटर जळून वर्ष उलटलेलं असतं, सभागृहात कुणाचा तरी कडबा रचलेला असतो. त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या गावात तेवढ्याच पैशांत बांधलेला तसाच बंधारा वीस वर्षांनंतरही पाणी अडवत असतो. सिमेंट तेच, पाऊसही तोच. मग फरक कुठून आला?

लोकसहभाग, सक्षमीकरण, सामुदायिक विकास, सामाजिक शाश्वतता हे शब्द सरकारी कागदांत सतत भेटतात. ते सगळे फिरतात याच प्रश्नाभोवती. पैसा आणणारे, आराखडा काढणारे, प्रशिक्षण देणारे निघून गेल्यावर गावाकडे काय राहतं? माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. लोकांनी किती घाम गाळला यावर काम टिकत नाही. निर्णय, हिशेब आणि वापराचे नियम कुणाच्या हातात होते, त्यावर ते टिकतं.

गाव एकत्र येतं, पण केव्हा?

"आमच्याकडची माणसं एक होत नाहीत," हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. ते मला पटत नाही. आपल्या भागात सावड होती आणि काही ठिकाणी अजून आहे. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात, मजुरीचा रुपया न देता कामाची फेड कामानं. इर्जिक होतं. एखाद्याची पेरणी मागे पडली की भावकीतले, शेजारचे आपापली औतं घेऊन यायचे, दिवसात रान उरकायचे आणि संध्याकाळी त्याच्याकडे जेवायचे. आजही अखंड हरिनाम सप्ताह बसला की गाव घरटी वर्गणी गोळा करतं, आचारी ठरवतं, कीर्तनकारांची तारीख मिळवतं, रोजच्या पंगती उठवतं आणि शेवटी खर्चाचा हिशेब देवळासमोर वाचून दाखवतं. हजारो माणसांच्या जेवणाचं नियोजन ज्या गावाला जमतं, त्याला पाणीपुरवठ्याची एक टाकी सांभाळायला जमू नये, असं होत नाही.

सप्ताहात पैसा गावाचा असतो, कशावर किती खर्चायचा ते गाव ठरवतं आणि हिशेब चारचौघांत होतो. योजनेत अंदाजपत्रक तालुक्याला बनतं, ठेकेदार बाहेरून येतो आणि खर्च किती झाला ते पाटीवरून कळतं. मग मोटर जळाली की "त्यांची मोटर जळाली" असंच लोक बोलणार. यात लोकांच्या आळसाचा संबंध नाही.

जुन्या रीतींचं कौतुक करताना एक गोष्ट मात्र झाकू नये. सावड व्हायची ती ज्यांच्याकडे रान आणि बैल होते त्यांच्यात. भूमिहीनाला सावड नव्हती, त्याला मजुरी होती. सप्ताहाच्या पंगतीत कोण कुठं बसलं, हाही आपल्या जिल्ह्यांचा इतिहास आहे. याकडे शेवटी पुन्हा येईन.

किल्लारीनं शिकवलेलं

लोकांच्या हातात निर्णय दिल्यानं काय होतं, हे पाहायला आपल्याला परदेशात जायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटं कमी असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, गावं झोपेत होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद असलेली घरं माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली.

पुनर्वसन दोन रीतींनी झालं. सगळ्यात जास्त पडझड झालेली ५२ गावं नव्या जागी उठवून बसवली. तिथं बहुतेक घरं सरकार आणि देणगीदार संस्थांनी बांधून दिली. रुंद रस्ते, चौकोनी प्लॉट, एका साच्यातली घरं. भूकंपाला टिकतील अशी ती होती, हे मान्यच करायला हवं. पण गोठा कुठं, कडबा कुठं, भावकीचं घर किती लांब, म्हातारीनं दुपारी कुणाच्या ओसरीवर बसायचं, याचा विचार नकाशा काढणाऱ्यांनी फारसा केला नव्हता. लोकांनी पुढं पत्रे ठोकून, पडव्या काढून ती घरं आपल्या सोयीची करून घेतली.

दुसरी रीत होती उरलेल्या मोठ्या पट्ट्यातली. गाव जागेवरच ठेवायचं, घराची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकानं स्वतः करायचं, त्यासाठी सरकारनं टप्प्याटप्प्यानं पैसे आणि तांत्रिक सल्ला द्यायचा. हे काम हजाराहून अधिक गावांत पसरलेलं होतं आणि अभियंते मोजके होते. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकारानं गावागावांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं गेलं. हप्ता कधी मिळणार, भिंतीत आरपार दगड का बसवायचा, भिंती एकमेकींना बांधून ठेवणारा पट्टा कुठल्या उंचीवर घालायचा, गवंडी चुकवत असेल तर कसं ओळखायचं, हे त्या आधी शिकल्या आणि मग घरोघर सांगू लागल्या. ज्या बायका तोवर चावडीची पायरी चढल्या नव्हत्या, त्या तहसील कार्यालयात जाऊन अडलेल्या हप्त्याची विचारणा करू लागल्या.

हे काम घरांपाशी थांबलं नाही. त्याच जाळ्यातून पुढं बचत गट उभे राहिले, पाण्याचे आणि आरोग्याचे प्रश्न हाती घेतले गेले. २००१ मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच खेड्यांतल्या बायका तिकडच्या बायकांना अनुभव सांगायला गेल्या. नव्यानं बांधलेलं घर तीस वर्षांत जुनं होतं. हे शहाणपण मात्र एका कामातून दुसऱ्या कामात गेलं, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलं. सामाजिक शाश्वतता म्हणतात ती अशी दिसते.

पाणी: सगळ्यात अवघड परीक्षा

घर ज्याचं त्याचं असतं. पाण्याचं तसं नाही, म्हणून एकत्र येण्याची खरी कसोटी पाण्यावर लागते.

थोडं गणित करू. मराठवाड्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की १० हजार लिटर पाणी होतं. म्हणजे १००० हेक्टरच्या शिवारात सरासरीच्या वर्षी ७०० कोटी लिटर पाणी पडतं. आता गावाची गरज बघा. दोन हजार वस्तीच्या गावाला माणशी रोज ५५ लिटर धरलं, तर वर्षाला साधारण ४ कोटी लिटर लागतात. पाऊस निम्मा झाला तरी ३५० कोटी लिटर पडलेले असतात. तरी एप्रिलमध्ये टँकर लागतो.

याचं एक कारण आपल्या पायाखालचा खडक. वर मुरमाचा थर, खाली काळा पाषाण. पाणी साठतं ते मुरमात आणि पाषाणाच्या भेगांत, आणि तिथं जागा थोडी आहे. उतारावरून पाणी धावत निघून गेलं की मुरायला वेळच मिळत नाही. म्हणून माथा ते पायथा काम करावं लागतं. आधी वरच्या माळावर समतल चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, मग नाल्यावर बांध. खालचा बांध आधी घातला तर तो पहिल्याच पावसात गाळानं भरतो. हे तंत्र आहे, आणि ते आता बहुतेकांना ठाऊक आहे.

दुसरं कारण तंत्रात नाही. पूर्वापार चालत आलेल्या पाटपाण्यानं एक हेक्टर ऊस काढायचा तर अंदाजे २ कोटी लिटर पाणी लागतं. म्हणजे दोन हेक्टर, पाच एकर ऊस, गावाच्या वर्षभराच्या पिण्या-वापरण्याइतकं पाणी पितो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरसाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं गेलं, तेव्हा पहिल्या गाडीत ५ लाख लिटर होते. एक हेक्टर उसाचं पाणी म्हणजे तशा ४० गाड्या. उसाला बाजार आहे, कारखाना आहे, हमीचा भाव आहे, त्यामुळे ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला दोष देऊन मोकळं होता येत नाही. पण हे आकडे गावानं एकत्र बसून कधी पाहिलेच नसतील तर बंधारे कितीही बांधले तरी पुरणार नाहीत.

भूगर्भातलं पाणी म्हणजे सगळ्या गावाचं एकच बँक खातं आणि प्रत्येकाकडे स्वतंत्र चेकबुक. भरणा सगळ्यांनी मिळून करायचा, पण ज्याचं बोअर खोल तो आधी काढून घेतो. शेजाऱ्यानं ४०० फूट घेतलं की आपण ५०० फूट घेतो. कर्ज वाढतं, खातं रिकामंच राहतं.

असल्या सामाईक साधनांचं काय करायचं यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन अभ्यासिकेनं आयुष्य घालवलं. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्या विषयात ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तोवर बहुतेकांचं मत असं होतं की सामाईक माळ, जंगल, पाणी लोक ओरबाडूनच टाकतात. म्हणून ते सरकारनं ताब्यात घ्यावं नाहीतर खासगी करून टाकावं. ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडमधली कुरणं, जपानमधली गावजंगलं, स्पेन आणि फिलिपिन्समधले पाटपाणी वापरणारे शेतकरी अभ्यासले आणि दाखवलं की शेकडो वर्षं लोक स्वतःच ही साधनं नीट सांभाळत आले आहेत. पण त्याला काही अटी असतात. हद्द आणि हक्कदार ठरलेले हवेत. नियम वापरणाऱ्यांनीच केलेले हवेत. लक्ष ठेवणारा त्यांच्यातलाच हवा. पहिल्यांदा नियम मोडणाऱ्याला लहान दंड, पुन्हा मोडला तर मोठा. तंटा गावातच, कमी खर्चात मिटवायची जागा हवी. आणि सरकारनं या नियमांना मान द्यायला हवा. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' आपल्याला पाठ आहे, पण जिरलेलं पाणी कुणी किती काढायचं याबद्दल आपण क्वचित बोलतो. ऑस्ट्रॉम यांचा सगळा भर नेमका तिथं आहे.

जालना जिल्ह्यातलं कडवंची हे या बाबतीत अभ्यासण्यासारखं गाव. १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात तिथं काम झालं. विजयअण्णा बोराडे आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची माणसं त्यामागे होती. या कार्यक्रमाची एक पद्धत मला फार महत्त्वाची वाटते. गटनंबरवार प्रत्येक शेतात, शेतमालकाला बरोबर घेऊन, याच बांधावर काय करायचं ते ठरवायचं. कार्यालयात बसून नकाशावर रेघ मारायची नाही. निधी येण्याआधी गावानं श्रमदान करून आपली तयारी दाखवायची आणि पुढचं काम गावाच्या पाणलोट समितीनं बघायचं. कडवंचीत पाणी थांबलं, द्राक्षबागा उभ्या राहिल्या, शेकडो शेततळी झाली, आणि दुष्काळी वर्षांतही बागा तगल्या.

शेततळ्याविषयी मात्र सावध राहायला हवं. पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवायचं, ही मूळ कल्पना उत्तम आहे. पण बऱ्याच गावांत विहिरीतून, बोअरमधून पाणी उपसून प्लास्टिक अंथरलेलं तळं भरलं जातं. म्हणजे जमिनीखालचं, सगळ्यांचं पाणी उचलून एकाच्या कुंपणात ठेवायचं. वर उन्हाळ्यात त्यातलं बरंच वाफ होऊन जातं. ज्याच्याकडे तळ्यासाठी रान आणि प्लास्टिकसाठी पैसा आहे त्याची बाग वाचते, शेजारच्या दोन एकरवाल्याची विहीर तळ गाठते. योजनेच्या आकडेवारीत दोन्ही प्रकारची तळी 'यशस्वी' म्हणूनच मोजली जातात.

२०१६ मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिल्या तीन तालुक्यांत आपलं अंबाजोगाई होतं. पन्नास वर्षांत एका पारावर न बसलेली माणसं ४५ दिवस पहाटे एकत्र कुदळ मारत होती, ही लहान गोष्ट नाही. त्या श्रमदानानं गावांची मनं जुळली. पण श्रमदान हा आरंभ आहे. दिवाळीनंतर विहिरींची पातळी मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून, "यंदा रब्बीला हरभरा, ज्वारी, उन्हाळी पीक नको" असं ठरवणं आणि ते सरपंचाच्या चुलतभावानंही पाळणं, हे कुदळ मारण्यापेक्षा कितीतरी कठीण. ज्या गावांना हे साधलं, तिथंच पाणी टिकलं.

पैसा आणि ग्रामसभा

७३ व्या घटनादुरुस्तीनं १९९३ मध्ये ग्रामसभेला घटनेत जागा दिली. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. त्याआधी महिलांची वेगळी सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात आयोगाच्या शिफारशीनं गावांसाठी येणाऱ्या केंद्राच्या निधीचा ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीकडे आला. आराखडा आणि खर्च 'ई-ग्रामस्वराज'वर कुणालाही मोबाइलवर बघता येतो. म्हणजे कागदावर गावाकडे बरीच सत्ता आहे. ती वापरली जात नाही, कारण सभेचं इतिवृत्त कित्येकदा आधी लिहिलं जातं आणि सह्या नंतर घरोघर फिरून घेतल्या जातात.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना एक साधा व्यवहार लावला गेला. घरपट्टी-पाणीपट्टी पूर्ण भरणाऱ्या कुटुंबाला दळण मोफत. वरवर ही लालूच वाटेल. पण पट्टी भरणारा माणूस पंचायतीला जाब विचारतो. न भरणारा गप्प बसतो, कारण बोललं तर आधी त्याची थकबाकी निघते. पाणीपट्टीची वसुली आणि ग्रामसभेतली हजेरी यांचा संबंध इतका जवळचा आहे.

बायकांच्या हातात काय आलं?

बचत गटांबद्दल लिहायचं तर पुष्कळ आहे, मी एवढंच सांगतो. नियमित बैठक, बचत, आपसात कर्ज, वेळेवर फेड, हिशेबाची वही. ही पंचसूत्री साधी दिसते, पण तिनं हजारो बायकांना सावकाराच्या ओट्यावरून उठवलं. महिला आर्थिक विकास महामंडळापासून (माविम) 'उमेद' या ग्रामीण जीवनोन्नती अभियानापर्यंत सरकारनंही बळ दिलं. मात्र अलीकडे कित्येक ठिकाणी फायनान्स कंपन्यांनी पाच-दहा बायकांचे कर्जगट बांधले आहेत. तिथं बैठक होते ती हप्ता वसुलीची, आणि एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात उभ्या. दोन्हींना लोक 'गट'च म्हणतात. पहिल्यात पैसा आणि नियम बायकांचे असतात, दुसऱ्यात दोन्ही बाहेरचे.

धाराशिव आणि लातूर भागातलं एक एकराचं काम मला त्याहून मोलाचं वाटतं. शेतातली खुरपणी, वेचणी, राखण बाई करते, पण सातबारावर तिचं नाव नसतं आणि काय पेरायचं तेही तिला विचारत नाहीत. स्वयं शिक्षण प्रयोगाच्या बायकांनी घरात बोलून, समजूत काढून, अर्धा ते एक एकर रान स्वतःच्या निर्णयासाठी मागून घेतलं. तिथं त्या भाजीपाला, कडधान्य, ज्वारी-बाजरी अशी कमी पाण्याची मिश्र पिकं घेतात, शेणखत वापरतात. घरच्या ताटात आधी आणि उरलं ते बाजारात. सोयाबीन हातचं गेलं त्या वर्षीही घरात खायला असतं. त्या तुकड्यावर नवऱ्यानं एकदा फायदा पाहिला की बाकीच्या रानाबद्दलही तो बायकोला विचारू लागतो.

ज्ञानाचंही असंच. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं थोडं शिकलेल्या खेड्यातल्या बायकांना 'भारतवैद्य' केलं. बीडच्या सीमेपलीकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच केलं होतं. गावातली बाई ताप, जुलाब, बाळंतपण ओळखू लागली की डॉक्टरची जीप आठवड्यानं आली तरी गाव अडत नाही.

'गाव' म्हणजे नेमकं कोण?

"गावानं ठरवलं" असं आपण सहज म्हणतो. चराईबंदी गावानं ठरवली, तर दोन शेळ्यांवर जगणाऱ्या विधवेला विचारलं होतं का? गायरानावर झाडं लावायचं ठरलं, तर ते गायरान पिढ्यान्पिढ्या कसणाऱ्या दलित आणि पारधी कुटुंबांचं काय? मराठवाड्यात गायरान जमिनीसाठी दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून लढे झाले. पुढं एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानानं बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत तो प्रश्न धरून ठेवला. त्या भांडणांना "गावाची शांतता बिघडवणं" म्हटलं गेलं. मला ते विकासाचंच काम वाटतं. ज्याच्या पायाखाली स्वतःचं दोन एकर आहे, तो ग्रामसभेत उभं राहून बोलू शकतो. मालकाच्या बांधावर राहणारा सालगडी बोलेल कसा?

सगळ्यात मोठी गैरहजेरी ऊसतोड कामगारांची. बीड, परभणी, जालना, धाराशिवमधली लाखो माणसं मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमाराला बाहेर पडतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम सुरू होते २ ऑक्टोबरला आणि आराखडा पक्का होतो तो पुढच्या महिन्यांत, म्हणजे ही माणसं फडात असताना. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला तर तांड्यावर, वस्तीवर म्हातारी माणसं आणि काही लेकरं एवढीच असतात. पाण्याची टाकी कुठल्या वस्तीत, घरकुलाच्या यादीत कोण, रोजगार हमीची कामं कुठली आणि केव्हा, हे त्यांच्याविना ठरतं. गावात काम नाही म्हणून ती बाहेर जातात, आणि बाहेर असतात म्हणून गावातलं काम त्यांच्या सोयीनं आखलं जात नाही.

यावर उपाय करायला निधी लागत नाही, तारीख बदलावी लागते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आराखड्याची पहिली चर्चा घेता येते, तेव्हा सगळे गावात असतात. दसऱ्याआधी वॉर्डसभा तांड्यावर, बौद्धवस्तीत, पारधी वस्तीवर जाऊन संध्याकाळी घेता येते, म्हणजे कुणाची मजुरी बुडत नाही. महिलासभेत कोयत्यावर जाणाऱ्या बायकांच्या मागण्या, मागे राहणाऱ्या मुलांच्या शाळेची आणि जेवणाची सोय, परत आल्यावर एप्रिल-मेमध्ये हवी असलेली रोजगार हमीची कामं, हे सगळं इतिवृत्तात लिहून त्यावर त्यांच्याच सह्या-अंगठे घेता येतात. ज्या गावाला या वर्षी एकच गोष्ट करायची असेल, त्यानं ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) अर्ज देऊन पुढच्या वॉर्डसभेची जागा आणि वेळ एवढंच बदलून घ्यावं.